नळ बंद, पंप चालू
(तृतीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने पाण्याच्या पंपावर लेख लिहावा, ही कल्पना आमच्या संपादक मंडळातील एकदोघांना फारशी रुचली नाही. "त्यापेक्षा एखादी कविता दे," असा सल्लाही मिळाला. पण कविता देणारे पुष्कळ आहेत, आणि द्रोणागिरीत राहणाऱ्या माणसाला पाण्याविषयी बोलावयास निराळे निमित्त लागत नाही. आमचे पाणी पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणातून येते. ते इमारतीच्या तळाच्या टाकीत पडते, तेथून गच्चीवर चढते आणि मग नळाला उतरते. या तीन पायऱ्यांपैकी एखादी चुकली की सकाळी जिन्यात जी चर्चासत्रे भरतात ती महाविद्यालयातल्या चर्चासत्रांहून अधिक जिवंत असतात.

माझे मामा शिडाच्या बोटींच्या देखभालीचे काम करतात. गेटवेहून घारापुरीला जाताना उघड्या डोलकाठ्यांच्या ज्या पांढऱ्या बोटी नांगरलेल्या दिसतात, त्या जातीच्या बोटी. त्यांच्याबरोबर दोनचार वेळा अशा बोटीवर जाण्याचा योग आला. शीड, सुकाणू, दोरखंड यांचे कौतुक मला होतेच. परंतु मामांचा निम्मा वेळ जात होता तो स्वयंपाकाच्या ओट्याखाली, हातात विजेरी घेऊन, एका नारळाएवढ्या पंपाचा आवाज ऐकण्यात. त्यांनी जे दाखविले आणि नंतर मी जे समजून घेतले, ते येथे सांगावयाचे आहे.

प्रथम प्रश्न असा की बोटीवर गोड्या पाण्याला दाब कशासाठी? करंज्याच्या मासेमारी बोटींवर असले काही नसते. पिंपात किंवा प्लास्टिकच्या टाकीत पाणी भरतात, तांब्या बुडवितात आणि काम भागते. घरात तरी पंप फक्त पाणी वर चढविण्यापुरता लागतो. एकदा ते गच्चीत गेले की पुढचे काम गुरुत्वाकर्षण फुकट करते. शिडाच्या बोटीला गच्ची नसते. लिटरभर पाण्याचे वजन एक किलो. तीनशे लिटर म्हणजे तीनशे किलो. एवढे वजन उंचावर ठेवले तर वाऱ्याच्या पहिल्या तडाख्याला बोट कलंडेल. म्हणून पाण्याची टाकी नेहमी खाली, जमिनीच्या फळ्यांखाली किंवा बाकांखाली, शक्य तितकी तळाशी असते. आणि तळाशी असलेल्या टाकीतले पाणी नळापर्यंत आपण होऊन येत नाही.

पूर्वी यावर उपाय होता हाताने किंवा पायाने दाबावयाचा छोटा पंप. पाऊल दाबले की घोटभर पाणी. पुढे माणसाला घरच्यासारखा नळ हवासा वाटू लागला आणि बॅटरीवर चालणारा दाबाचा पंप आला. हा पंप साधारणपणे दर चौरस इंचास चाळीस पौंडांच्या आसपास दाब देतो. हा आकडा डोळ्यांपुढे आणावयाचा तर असे समजा, की नळाच्या वर सुमारे २८ मीटर उंचीवर, म्हणजे नऊ मजली इमारतीच्या माथ्यावर, पाण्याची टाकी ठेवली आहे. बोटीच्या पोटात मावणारी ही अदृश्य नऊ मजली इमारत म्हणजे आपला विषय होय.

आमच्या इमारतीत शेवटच्या मजल्यावरच्या काही बिऱ्हाडांनीही असाच छोटा पंप बसविला आहे. टाकी अगदी डोक्यावर असताना त्यांच्याच नळाला जोर नसतो, याचे पुष्कळांना नवल वाटते. पण पाण्याचा दाब टाकीच्या जवळिकीवर नाही, तिच्या उंचीवर अवलंबून असतो. तळमजल्याला टाकी दूर असते म्हणूनच त्याचा नळ जोरात येतो.

आता या यंत्रणेची रचना. टाकी, टाकीतून निघालेली नळी, नळीवर गाळणी, म्हणजे बारीक जाळी असलेली पारदर्शक वाटी, मग पंप, पंपाला जोडलेला प्रेशर स्विच, त्यापुढे पुष्कळ बोटींवर एक लहान प्रेशर टँक, जिच्यात रबरी पडद्यापलीकडे हवा कोंडलेली असते, आणि मग फाटे फुटत ओटा, न्हाणी, गरम पाण्याचा बंब. सगळी मौज त्या प्रेशर स्विचमध्ये आहे. नळ उघडला की नळीतला दाब उतरतो. तो पंचवीस पौंडांच्या आसपास आला की स्विच पंपाला चालू करतो. नळ बंद केला की दाब चढतो आणि चाळिसाच्या आसपास स्विच पंप थांबवितो. म्हणजे पंपाला नळ दिसत नाही, पाणी दिसत नाही, माणूस तर नाहीच नाही. त्याला कळतो तो फक्त दाब. या आंधळेपणातूनच बहुतेक बिघाड समजून घ्यावे लागतात, आणि सर्वांत मोठा धोकाही तेथेच आहे.

तो धोका असा. समजा, रात्री सगळे निजले आहेत आणि बंबाच्या मागे एका नळीची पकड सुटली. दाब कोसळला. पंपाला वाटले, कोणी नळ उघडला. तो इमानाने चालू झाला. मिनिटाला बारा लिटर या वेगाने तीनशे लिटरची टाकी रिकामी व्हावयास पंचवीस मिनिटे लागतात. हे पाणी कोठे जाते? बोटीच्या तळात. तळात पाझरलेले पाणी उपसून समुद्रात फेकण्यासाठी दुसरा, आपोआप चालणारा पंप असतो. तोही तितकाच इमानी. खारे की गोडे, याची त्याला चौकशी नाही. एक पंप टाकी तळात ओततो, दुसरा तळ समुद्रात ओततो, आणि सकाळी उठावे तर तळ बऱ्यापैकी कोरडा आणि टाकी खडखडीत. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असताना ही गंमत आहे. किनारा आठ दिवसांवर असला तर नाही. दोन्ही यंत्रे आपापले काम बिनचूक करीत असताना माणूस तहानेने मरू शकतो, हे मला तरी विलक्षण वाटले.

म्हणूनच मामांचा पहिला धडा नळ बंद असताना पंप ऐकण्याचा होता. सगळे नळ बंद, बोटीवर शांतता, आणि तरीही दर काही मिनिटांनी ओट्याखालून 'घुर्र' असा क्षणभराचा आवाज. पुष्कळ लोक याला पंपाचा दोष समजतात आणि नवा पंप आणतात. नवा पंपही तसाच घुरघुरतो. कारण पंप फक्त एवढेच सांगत असतो, की दाब कोठून तरी निसटतो आहे.

निसटण्याच्या वाटा दोनच. एक पुढच्या बाजूला, म्हणजे नळ्या, सांधे, नळ किंवा बंब यांतून बाहेर. दुसरी मागच्या बाजूला, म्हणजे पंपातल्या एकमार्गी झडपांतून उलट टाकीकडे. पहिलीत पाणी जाते. दुसरीत ते घरच्या घरी फिरते, फक्त बॅटरी खर्च होते. यांतले कोणते, हे ओळखण्यासाठी पंपाच्या लगेच पुढे झडप असेल तर ती बंद करावी आणि थांबावे. तरीही पंप अधूनमधून घुरघुरत असेल तर झडप गळते ती पंपाचीच. तो गप्प राहिला तर गळती पुढे आहे. मग बंबाची वाट बंद करून पाहावी, मग न्हाणीची, असे एकेक अंग तोडीत जावे. शोधनिबंधात आपण विषयाची व्याप्ती मर्यादित करतो म्हणतात ना, तोच प्रकार. फक्त येथे निष्कर्ष ओला असतो.

बंबाची गोष्ट जरा वेगळी सांगितली पाहिजे. पाणी तापले की प्रसरण पावते आणि वाढलेला दाब सोडण्यासाठी बंबाला सुरक्षा-झडप असते. तिची नळी बहुधा सरळ तळात सोडलेली असते, कोणाच्या नजरेस न पडेल अशी. या झडपेत कण अडकला की ती पूर्ण मिटत नाही आणि महिनोन्महिने गळत राहते. सांधे कोरडे, नळ कोरडे, तरी पंप घुरघुरतो, अशा वेळी त्या नळीच्या टोकाखाली वाटी ठेवून पाहावी.

गळती किती मोठी आहे, हे मोजण्याची युक्ती मला फार आवडली. पंप थांबलेला असताना एक नळ हळू उघडून पाणी मापाच्या भांड्यात घ्यावे, आणि पंप सुरू होताक्षणी नळ बंद करावा. भांड्यात आलेले पाणी म्हणजे पंपाच्या दोन घुरघुरींच्या मध्ये यंत्रणेतून जाणारे पाणी. ते पाव लिटर भरले आणि रात्री पंप दर पाच मिनिटांनी बोलत असला, तर चोवीस तासांत २८८ वेळा, म्हणजे ७२ लिटर. गळती थेंबांची वाटत होती, हिशेब बादल्यांचा निघाला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या एका काकूंना मी हे करून दाखविले तेव्हा त्यांनी त्याच संध्याकाळी प्लंबरला बोलाविले.

याच्या उलट प्रकार म्हणजे पंप चालतो आहे, पण नळाला पाणी नाही, किंवा थुंकल्यासारखे येते आहे. टाकी रिकामी आहे का, हे आधी पाहावे. हसू नये, निम्म्या वेळा तेच निघते. टाकीत पाणी असेल तर दोष बहुधा टाकी आणि पंप यांच्यामधल्या भागात असतो. आणि येथे एक गोष्ट अशी आहे की ती कळेपर्यंत माणूस तासन् तास चकतो. पंपाच्या पुढची गळती ओली असते. पंपाच्या मागची गळती कोरडी असते! कारण पुढे पाणी ढकलले जाते, ते भोकातून बाहेर येते. मागे पाणी ओढले जाते, तेव्हा भोकातून हवा आत जाते. काचेच्या ग्लासातला उसाचा रस चिरलेल्या नळीने ओढून पाहा, म्हणजे प्रकार ध्यानात येईल: रस सांडत नाही, पण तोंडात नुसती हवा. म्हणून मागच्या बाजूला थेंब शोधीत बसणे व्यर्थ. गाळणीच्या पारदर्शक वाटीत बुडबुडे दिसतात का ते पाहावे. बहुधा अपराधी त्या वाटीचे झाकणच असते. कोणीतरी जाळी धुतली, झाकण परत लावताना रबरी कडे नीट बसले नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून पंपाला शिव्या सुरू झाल्या. कडे पुसून, जागेवर बसवून, झाकण हाताने घट्ट केले की पुष्कळदा काम भागते.

मागच्या बाजूची आणखी एक गंमत. टाकीतून पाणी जाते तेव्हा त्याच्या जागी हवा यावी लागते. त्यासाठी टाकीला एक बारीक श्वासनळी असते. तिच्या तोंडाशी मीठ साचले किंवा एखाद्या किड्याने घर केले, की टाकीला श्वास कोंडतो. पाणी आधी नीट येते, मग बारीक होत होत थांबते. भरणीचे झाकण उघडताच 'सुस्स' असा आवाज होतो आणि नळ पुन्हा जोरात येतो. एवढ्यावरून निदान पक्के समजावे.

नळ किंचित उघडला असता पंप टकटक टकटक असा सारखा चालू-बंद होत असेल, तर प्रेशर टँकमधली हवा गेली आहे असे धरून चालावे. पाणी दाबले जात नाही, हवा दाबली जाते. त्या कोंडलेल्या हवेच्या स्प्रिंगमुळे थोडे पाणी पंपाशिवाय नळाला मिळते आणि पंपाला दम खाता येतो. हवा गेली की स्प्रिंग गेली. या टाकीला सायकलच्या ट्यूबसारखी व्हॉल्व्ह असते आणि सायकलचाच पंप चालतो. मात्र हवा भरण्यापूर्वी विजेचा पंप बंद करून नळ उघडा ठेवावा, पाण्याचा दाब पुरता उतरू द्यावा, आणि मग पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याहून दोनतीन पौंड कमी इतकी हवा भरावी. पाण्याचा दाब असताना मोजलेली हवा खोटी असते. व्हॉल्व्ह दाबल्यावर हवेऐवजी पाणी आले तर आतला रबरी पडदा फाटला आहे, मग सायकलचा पंप घरी न्यावा.

पंप मुळीच चालत नसेल तर प्रश्न पाण्याचा नसून विजेचा असतो, आणि त्यात माझी गती बेताची आहे. फ्यूज, मग बॅटरी, मग तारांचे सांधे, हा क्रम. खाऱ्या हवेत तांब्याच्या तारेवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. वरून जोड घट्ट दिसतो, पण आतून वीज जात नाही. तारेत वीज आहे आणि पंप गप्प आहे, अशा वेळी जाणकार माणूस प्रेशर स्विचच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना जोडून पाहतो. पंप फिरला तर बिघडला स्विच, पंप नव्हे. बॅटरी उतरलेली असली तर आणखी एक घोटाळा होतो: पंप फिरतो, पण दाब वरच्या आकड्यापर्यंत नेण्याची ताकद त्याच्यात नसते, म्हणून तो थांबतच नाही, आणि न थांबल्यामुळे उरलेली बॅटरीही खाऊन टाकतो. एकाच नळाला पाणी कमी असेल तर त्याच्या तोंडाची जाळी काढून धुवावी. त्यासाठी बोट उलटीपालटी करण्याचे कारण नाही.

हा सगळा खटाटोप किती गंभीर असू शकतो, याचे एक उदाहरण आपल्याच बंदरातून निघालेल्या बोटीचे आहे. 'सुहैली' ही सुमारे ३२ फुटांची सागवानी बोट १९६४ साली मुंबईत पाण्यात उतरली. इंग्रज दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी याच बोटीतून १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फालमथ बंदर सोडले आणि कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी ते तेथेच परतले. एकूण ३१२ दिवस. अशी प्रदक्षिणा त्यापूर्वी कोणी पुरी केली नव्हती. दक्षिणेकडील वादळी समुद्रात बोट आडवी झाली आणि त्यानंतर त्यांना आढळले, की टाक्यांतले पाणी पिण्याजोगे राहिलेले नाही. प्रवासाचा मोठा भाग अजून पुढे होता. वेगळ्या डब्यांत ठेवलेले पाणी होते म्हणून, आणि पुढे पावसाचे पाणी धरीत गेले म्हणून, ते पार पडले. याच 'सुहैली'च्या घडणीवर बेतलेली 'थुरिया' गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या जहाजकारखान्यात बांधली गेली आणि २०१८ साली अभिलाष टॉमी ती घेऊन शर्यतीत उतरले. नौदलाच्या 'म्हादेई' आणि 'तारिणी' याही त्याच कारखान्याच्या. टॉमी यांनीच १ नोव्हेंबर २०१२ रोजी गेटवेसमोरून 'म्हादेई' हाकारली होती आणि कोणत्याही बंदराला न लागता, एकट्याने, ३१ मार्च २०१३ रोजी ते मुंबईला परत आले. १५१ दिवस. या काळात बंदरावरचा नळ नाही की टँकर नाही.

आता कोणी म्हणेल, समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे निघाली आहेत, मग एवढी चिंता कशाला? यंत्रे आहेत खरी. परंतु खारे पाणी बारीक पडद्यातून ढकलावयास दर चौरस इंचास आठशे पौंडांच्या घरात दाब लागतो, म्हणजे ओट्याखालच्या आपल्या पंपाच्या वीसपट. ज्या बोटीवर चाळीस पौंडांची नळी घट्ट राहत नाही, तिने आठशे पौंडांच्या भरवशावर निघू नये, असे मामांचे मत. मला ते पटते.

त्यांच्या हाताखालच्या बोटींवर काही नेम ठरलेले आहेत. पाणी एका टाकीत न ठेवता दोन टाक्यांत, मध्ये झडप घालून, आणि एका वेळी एकच टाकी उघडी. म्हणजे नळी फुटलीच तर निम्मे वाचते. थोडे पाणी वेगळ्या डब्यांत, ज्यांचा पंपाशी काही संबंध नाही. ओट्याशी पायाचा जुना पंप काढून न टाकता तसाच ठेवलेला. बॅटरी मेली तरी पाऊल चालते. रात्री निजताना आणि बोट सोडून जाताना पाण्याच्या पंपाचे बटण बंद. हा शेवटचा नेम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त मोडला जाणारा. आमच्या इमारतीतही गावाला जाणारी मंडळी गॅस बंद करतात, कुलूप तीनदा ओढून पाहतात, आणि दाबाचा पंप मात्र चालू ठेवून जातात.

पावसाळ्यात गेटवेसमोरच्या या बोटी पाण्याबाहेर काढल्या जातात. त्या वेळी टाक्या पुऱ्या रिकाम्या करून, सगळे नळ उघडे टाकून ठेवावे लागते. साचलेले पाणी चार महिन्यांत कुजक्या अंड्यासारखा वास धरते. पावसाळा सरल्यावर बोट परत उतरली, की ब्लीचिंगचे सौम्य पाणी टाकीत भरून प्रत्येक नळातून वास येईपर्यंत सोडावयाचे, रात्रभर तसेच ठेवावयाचे आणि मग स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुवावयाचे. त्यानंतर गाळणी उघडून पाहिली तर चार महिन्यांचा गाळ जाळीत आलेला असतो. तो काढावा, आणि झाकण लावताना ते रबरी कडे नीट बसले आहे ना, हे बोट फिरवून पाहावे.